चार वाजताचा चोर

महादेवराव : थांब, थांब. म्हणजे मी तुह्या घरात चोर बनून शिरू, असं म्हणून राहिला तू?

संजीव : दहा मिनिटांचं काम हाये, मामा. मांगच्या दारानं यायचं, चाकू दाखवायचा, निघून जायचं. दाराची कडी मी काढूनच ठेवतो.

महादेवराव : नाटकात नाही. खऱ्या घरात.

संजीव : खऱ्याच घरात. मयुरी आज चार वाजता सामान न्याले येऊन राहिली. तिचा भाऊ येते संगं, वैभव, टेम्पो घेऊन. एकदा का ते सामान तिच्या माहेरी उमरेडले गेलं का मंग खतम. मंग वकील, मंग कोर्ट. मले फक्त दहा मिनिटं पाह्यजेत.

महादेवराव : ते जाळीचं टोक धर आधी. खस सांडून राहिली सगळी. हं, आता घट्ट धर. बारा वाजेपासून आला तू. दोन कूलरच्या जाळ्या धुतल्या, टाकी घासली, सुतळी आणून दिली. मी म्हणलं, पोट्ट्याले आज म्हाताऱ्याची दया आली. अन् हे होतं होय तुह्या पोटात.

संजीव : तोंडातून निघतच नव्हतं, मामा.

महादेवराव : निघालं तं असं निघालं. अबे, अडुसष्ट वर्षांचा माणूस मी. दोन्ही गुडघे गेलेले. इथं हुडकेश्वरहून भर उन्हात नंदनवनात जाऊ, तोंडाले दुपट्टा बांधू...

संजीव : कोणी पाहत नाही दुपारचं.

महादेवराव : पाहिलं तरी काय? एप्रिलमधी या नागपुरात तोंडाले दुपट्टा बांधलेला माणूस चोर वाटते का कोणाले? वाटते, बँकेत चालला. तुही बायको म्हणन, या काका, बसा, पाणी देऊ का.

जनाबाई : कोणाले पाणी पाह्यजे?

महादेवराव : कोणालेच नाही. तू आपली सैपाकघरात राह्य वं.

जनाबाई : सैपाकघरातच हाये. भिंत काही लोखंडाची नाही, सगळं ऐकू येते इथं. संजीव, जेवला का रे तू?

संजीव : जेवलो, मामी.

जनाबाई : खोटं बोलून राहिला. चहा ठेवते, बस.

महादेवराव : आणि तिले माहा आवाज नाही ओळखू येणार? सात सीझन झाले. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत गावोगाव तिच्यासमोर सुरा घेऊन उभा राहतो मी. ते हिरॉइन, मी चोर. आंधळ्या माणसालेबी समजन का हा मामाच हाये म्हणून.

संजीव : तुमी बोलायचंच नाही. फक्त उभं राहायचं. बोलणं सगळं मी लिहून आणलं हाये. हे पाहा.

महादेवराव : लिहूनबी आणलं? चष्मा दे तो, खिडकीतला. हं. 'चोर मागील दारातून येतो. संजीव मयुरीला पाठीशी घालतो. संजीव : काय हवं ते ने, पण माझ्या बायकोला हात लावू नकोस.' बरं. 'मयुरी घाबरून संजीवचा हात धरते. मयुरी : मारायचं तर मला मार, पण यांना सोड.' ... संजीव, हे मयुरीचं बोलणं कोणी लिहिलं?

संजीव : मीच.

महादेवराव : तिचं बोलणं तू लिहिलं.

संजीव : ती असंच म्हणन, मामा.

महादेवराव : तिले मालूम हाये का, ती असं म्हणन म्हणून?

संजीव : चेष्टा नका करू.

महादेवराव : चेष्टा नाही करून राहिलो. वाचून राहिलो. 'मयुरी रडते. मयुरी : चूक माझी होती.' वा रे वा. घरात चोर शिरला, अन् बाई आपली चूक कबूल करत बसली?

संजीव : नाटकात करते ना. आपल्या 'घरात शिरला काळ'मधी करते. दोनशे बारा प्रयोग झाले, दरवेळी करते. उद्या सकाळी घटस्फोटाच्या कागदावर सही करायची असते त्या दोघायले, अन् चोर आल्यावर जुळते त्यायचं. लोकं सांगतात मले, खाली बसलेले नवरे आपल्या बायकायचा हात धरतात म्हणून.

महादेवराव : अबे, मी चाळीस वर्षांपासून चोर हाये. जिल्हा परिषदेत दिवसा कारकुनी केली अन् सुट्ट्या टाकून राती दरोडे घातले. मले नको सांगू काय जुळते अन् काय नाही. मले एक सांग, चोराले कोण सांगते का आज या घरी जा, इथं नवराबायकोचं पटत नाही? तो बिचारा सोन्यासाठी येते. कपाटाची चाबी मागते. अन् हे दोघं त्याच्यासमोर आपलं लग्न काढून बसतात. तुमी मले कधी समजून नाही घेतलं, तू मले कधी मान नाही दिला. मी आपला सुरा धरून उभा. हात भरून येते माहा, यायचं भांडण सरत नाही. शेवटी यायचं प्रेम जागं होते, माहाच सुरा मले खुपसतात, अन् माह्या मुडद्याच्या बाजूले उभं राहून मिठी मारतात. पडदा. नाटकात तेच, सिनेमात तेच, पोट्टे मोबाईलवर पाहतात त्या सिरियलीतबी तेच. किती संसार जोडले असतीन मी मरून मरून. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा कोण मांडते अन् कोण तोंड फिरवून बसते, ते एकाही लेखकानं लिहिलं नाही.

संजीव : पण पडद्यापर्यंत तं जुळतात ना.

महादेवराव : पडद्यापर्यंत जुळतात.

संजीव : मले तेवढंच पाह्यजे. एकदा तिनं माहा हात धरला ना, पुढचं मी पाहून घेतो. मामा, मी पाया पडतो तुमच्या. पंधरा दिवस झाले तिले जाऊन. दूधवाला सकाळी इचारते, अर्धा का एक? मी रोज एक लिटर सांगून राहिलो. दूध नासून राहिलं घरात, पण तोंडातून अर्धा निघत नाही. अर्धा म्हणलं का ते खरं झालं.

महादेवराव : पाय सोड. पाय सोड आधी, खस भरलेली हाये हाताले.

जनाबाई : हा घे चहा. अन् बशीतला चिवडा खाय. रिकाम्या पोटी पाया पडू नये कोणाच्या.

संजीव : मामी, तुमी तरी सांगा यायले.

जनाबाई : काय सांगू? चोरी करा म्हणून? यायले येत नाही ते. संजीव, आमच्या घरी खरा चोर आला होता, मालूम हाये ना तुले?

संजीव : हो. मामानं सांगितलं होतं नाटक कंपनीत. दांडकं घेऊन मांगं धावले होते ना मामा, पार चौकापर्यंत.

जनाबाई : कोण धावलं?

महादेवराव : जना, तू जाय आत.

जनाबाई : नाही जात. आज पोट्ट्याचं घर मोडून राहिलं अन् तुमी त्याले नाटकाच्या गोष्टी सांगून राहिले, तं आता खरी गोष्टबी ऐकू द्या त्याले. मे महिना होता. दुपारचे तीन. हे कूलरसमोर झोपलेले. मी सैपाकघरात कुरडयांचा चीक शिजवून राहिली होती. तवा इथं आजूबाजूले सगळे रिकामे प्लॉट, माणूस नाही का काणूस नाही. आवाज आला म्हणून बाहेर पाहते तं एक जण कपाटाजवळ उभा. अन् हे? गावोगावची लेकरं यायले पाहून मायच्या मांगं लपतात, असे आमचे खलनायक. हे पलंगाच्या तिकडल्या बाजूले खाली बसले होते, गुडघ्यात मान घालून.

महादेवराव : झोपेतून उठलो होतो मी. काही समजलं नाही.

जनाबाई : मी चिकाचा गरम चाटू घेऊन उभी राहिली. तो पयाला. माहा मोबाईल अन् यायचं घड्याळ घेऊन पयाला. संपलं.

संजीव : मंग?

जनाबाई : मंग काय?

संजीव : म्हणजे मंग... तुमी दोघं...

जनाबाई : मिठी? अरे, दोन महिने भांडलो, मांगचं दार कोणी उघडं ठेवलं यावरून.

महादेवराव : तूच ठेवलं होतं.

जनाबाई : तुमी ठेवलं होतं. माठात पाणी भराले गेले अन् तसेच येऊन झोपले. ते जाऊ द्या. हे लपले याचं मले काही नाही वाटलं, संजीव. भेव कोणालेबी वाटते. पण पोलीस आले, शेजारी आले, तं यायनं सगळ्यायले सांगितलं का जना थरथर कापून राहिली होती. म्हणे, जना रडून म्हणली, अहो, मले वाचवा. अन् म्हणे मी तिले मांगं घेतलं. मी नव्हती रडली. मी त्या चोरासमोर एक शब्द नाही बोलली. ते वाचवा-बिचवा यायनं घातलं माह्या तोंडात. नऊ वर्षं झाली. अजूनबी मोहल्ल्यातल्या बाया म्हणतात, जनाबाई, किती घाबरल्या होत्या वं तुमी त्या दिवशी. मी हो म्हणते.

महादेवराव : हे तू मले कधी म्हणली नाही.

जनाबाई : तुमी इचारलं कधी? चहा प्या. थंडा होऊन राहिला.

संजीव : मामी, पण मी तिच्यावर कधी हात नाही उगारला. दारू नाही, दुसरं काही नाही. सीझन संपला का घरी, घर का मंग तालीम. कोणत्याबी बाईले इचारा.

जनाबाई : ते काय म्हणते?

संजीव : काहीच नाही. फोनवर एवढंच म्हणली, तुमी मले बोलू देत नाही. आता सांगा तुमी. मी? माहा धंदाच तिले बोलवायचा हाये. लोकायले वाटते नट पाठ करून येतात. दोन तालमीत नाटक उभं राहते आपलं, रोज वेगळं नाटक, रोज वेगळं गाव. स्टेजच्या पुढं खाली बसून एक एक वाक्य मी देतो, तवा ते वर बोलतात. सात वर्षं झाली, त्या स्टेजवर तिच्या तोंडातून निघालेला शब्द आधी माह्या तोंडातून निघालेला हाये. अन् ते म्हणते, बोलू देत नाही.

महादेवराव : स्टेजवर नसन म्हणत ते.

संजीव : घरी तं मी तिले मदतच करतो. डॉक्टरकडं गेलो, डॉक्टरनं इचारलं, कुठी दुखते? ते इचार करत बसली, तं मी सांगितलं, इथं कमरेत, तीन दिवसांपासून. बरोबरच सांगितलं ना? तिच्या बापाचा फोन आला का ते अडखळते, तं मी बाजूले बसून हळूच सांगतो, असं म्हण, तसं म्हण. मोहल्ल्यातल्या भिशीत तिले काही बोलायचं असन तं मी लिहून देतो. तिच्या भल्यासाठीच करतो ना. ते गडबडून जाते, मामी. तिले वाक्य सापडत नाही.

जनाबाई : सापडाले वेळ लागत असन तिले.

संजीव : अडीच वाजून गेले. मामा, तुमी हो म्हणा. नाही तं... नाही तं मी दुसरा कोणी पाहतो. अंकितले सांगतो.

महादेवराव : अंकितले सांग. तो हिरो हाये, तो चोर बनून आला तरी केस नीट करत बसन. संजीव, बस इथं. जाळी ठेव खाली. तुले खरंच कायसाठी यायचं होतं माह्याकडं?

संजीव : सांगितलं ना.

महादेवराव : ते सांगितलं. दुसरं काय हाये?

संजीव : ...ते ब्रह्मपुरीकडचा शेवटचा प्रयोग. तुमी तिच्या समोर होते. एका हातावर. मले खालून तिचं तोंड नाही दिसत. तुमाले दिसलं असन. ते डायलॉग विसरली होती का, मामा?

महादेवराव : सोड ते.

संजीव : विसरली होती का? मी तीनदा दिला. मारायचं तर मला मार, पण यांना सोड. तीनदा दिला, ते बोलेच ना. चौथ्यांदा एवढ्या जोरानं दिला का वर टांगलेल्या माइकमधून गेला. सगळ्या मांडवात माहाच आवाज. मला मार, पण यांना सोड. बाप्याच्या आवाजात बायकोचं वाक्य. लोकं हसले. त्या पहाटे ते अंगावरची साडी बदलून पहिल्या बसनं उमरेडले गेली. मी सामान बांधत होतो कंपनीचं, मले वाटलं, लाजली. माह्या मोठ्या आवाजानं फजिती झाली म्हणून रागावली. मी फोनवर दहादा माफी मागितली त्या आवाजाची. ते म्हणते, आवाजाचं नाही. मंग कायचं?

महादेवराव : तुले कसं पाह्यजे? विसरली होती असं सांगू?

संजीव : खरं सांगा.

जनाबाई : आता सांगा. इचारलं त्यानं.

महादेवराव : ऐक मंग. मधात बोलू नको. तिसरा अंक. अंकित खुर्चीले बांधलेला, माहा सुरा त्याच्या गळ्याले. मयुरी इकडं उभी. मी म्हणलो, बोल, कोणाला सोडू? हे म्हणून मी थांबतो, अन् ते हात जोडून अंकितकडं पाहून आपलं वाक्य म्हणते. दोनशे अकरा वेळा तसंच झालं. त्या दिवशी तिनं अंकितकडं पाहिलंच नाही. खाली पाहिलं. स्टेजच्या पुढं, तू बसतो तिथं. मले वाटलं विसरली बिचारी, तुह्याकडून घेऊन राहिली. तू दिलं वाक्य. मलेबी ऐकू आलं, अंकितलेबी आलं. ते तशीच. तू पुन्हा दिलं. ते तशीच. तवा मले समजलं का हे विसरलेल्या माणसाचं तोंड नाही. विसरलेला नट कसा दिसते ते मले नको सांगू कोणी. डोळे फिरतात त्याचे, भिंतीवर, छतावर, समोरच्याच्या तोंडावर, कुठी सापडते का वाक्य म्हणून. तिचे डोळे फिरून नव्हते राहिले. एका जाग्यावर होते. तुह्या टाळूवर.

संजीव : माह्या टाळूवर?

महादेवराव : टाळूवरच पडन ना नजर. तुही मान खाली. टॉर्च वहीवर, बोट ओळीवर, तोंड वहीत. ते थांबली होती बापा. वाक्य तिले पाठ होतं, दोनशे बाराव्या प्रयोगाले हमालालेबी पाठ होते. ते थांबली होती, तू वर पाहशीन म्हणून.

संजीव : ...प्रॉम्प्टरनं मान वर केली का ओळ सुटते, मामा. आमाले शिकवलंच तसं हाये. स्टेजवर आग लागली तरी बोट हलवायचं नाही.

महादेवराव : मालूम हाये. म्हणूनच तं तू झाडीपट्टीतला एक नंबरचा प्रॉम्प्टर हाये. तुहा बाप, दादाजी, हातमागावर बसे. कोष्टीपुऱ्यात बसून गप्पा मारे आमच्यासंगं, अन् धागा तुटला का न पाहता समजे त्याले. तुह्यासमोर माणूस तुटून राहिलं होतं अन् तू ओळ देऊन राहिला होता.

संजीव : किती वेळ पाहून राहिली होती?

महादेवराव : लय वेळ. मी पुढचं वाक्य बोलून वेळ मारून नेऊ शकत होतो. नाही नेला. म्हणलं, थांबू दे पोट्टीले. अंकित खालच्या आवाजात म्हणून राहिला, मामा, सुरा खरंच रुतून राहिला ना. मी हललो नाही. मले वाटे, आता हा वर पाहीन. आता पाहीन. एकदा तं मी पाय आपटला फळीवर, धाडकन. तुले वाटलं मी चोराचा राग दाखवून राहिलो. तू ओळ दिली, एवढ्या जोरानं का माइकमधून गेली. लोकं हसले. तवा तिनं नजर काढून घेतली. हात जोडले, अंकितकडं पाहिलं, अन् म्हणलं आपलं वाक्य. एक शब्द इकडचा तिकडं नाही झाला.

संजीव : तुमी तवाच काहून नाही सांगितलं मले?

महादेवराव : तवा हिंमत नाही झाली. अन् आज तू आला तं चोर मागाले आला.

संजीव : मामा.

महादेवराव : काय?

संजीव : मंग तं तुमी याच. आता तं याच तुमी. मले समजलं आता. यावेळी मी वही नाही घेत, हे कागद फाडून टाकतो. तुमी मांगून या, चाकू धरा, अन् मी तिच्याकडंच पाहतो. पूर्ण वेळ तिच्याकडंच पाहतो. तुमी फक्त एकदा या, मामा. एकदाच. यावेळी मी वर पाहीन.

महादेवराव : अबे, बायकोकडं पाहाले चोर कायले पाह्यजे तुले?

जनाबाई : नका रागावू त्याच्यावर. रडून राहिला तो.

महादेवराव : रागावत नाही. मले काय बोलावं समजत नाही, म्हणून मोठ्यानं बोलून राहिलो. संजीव, जाय तू घरी. अजून घंटाभर हाये चारले. तोंड धू, अन् दारात उभा राह्य. सामान उचलाले हात लाव, काही म्हणू नको, फक्त उभा राह्य तिच्यासमोर.

जनाबाई : फोन थरथरून राहिला कोणाचा तरी. खसच्या खाली.

संजीव : माहा हाये. मयुरीचा. हात ओले हायेत, मामी, ते हिरवं दाबा अन् स्पीकर लावा.

(फोन स्पीकरवर. मागे टेम्पोच्या इंजिनाचा आवाज.)

मयुरी : कुठी हाये तुमी?

संजीव : इथंच. निघूनच राहिलो घरी. चार वाजता येतो म्हणली होती ना तू?

मयुरी : एक वाजता आली, माह्याजवळच्या चाबीनं घर उघडलं. वैभवच्या टेम्पोले चार वाजता दुसरं भाडं लागलं, म्हणून लवकर निघालो. तीनदा फोन केला तुमाले.

संजीव : सायलेंटवर होता. खस भरून राहिलो होतो, मामाकडं.

मयुरी : वैभव म्हणे, चाल, नसन यायचं त्यायले. मी म्हणलं, थांब, येतीन. दीड घंटा बसली मी ओट्यावर. सामान भरून झालं होतं, तरी बसली.

संजीव : मले वाटलं चार.

मयुरी : हो. चारच म्हणली होती मी. तुमची चूक नाही.

महादेवराव : (हळूच) म्हण, आत्ता येतो, टेम्पो थांबव म्हण...

जनाबाई : तुमी गप राहा. त्याले बोलू द्या.

मयुरी : कोण हाये तिथं? कोण सांगून राहिलं तुमाले?

संजीव : मामा हाये. मामी हाये. कोणी सांगून नाही राहिलं. मयुरी, मी त्या दिवशी वर नाही पाहिलं.

मयुरी : कोणी सांगितलं?

संजीव : मामानं.

मयुरी : मामाले दिसलं.

संजीव : कुठपर्यंत पोचली तू?

मयुरी : दिघोरीच्या पुढं. उमरेड रोडले लागलो आता.

संजीव : मी गाडी घेऊन येऊ का मांगून?

मयुरी : येऊन काय करसान? वैभवले घाई हाये, थांबत नाही तो.

संजीव : हो.

मयुरी : घरी अजून काही सांगितलं नाही मी. सीझन संपला म्हणून आली, एवढंच मालूम हाये आईले. आता कपाट अन् भांडी उतरताना दिसतीन तिले, तं इचारन ना, कायले आणलं सगळं म्हणून. काय सांगू मी तिले?

संजीव : सांग का...

मयुरी : काय?

संजीव : नाही. मले नाही मालूम. ते तूच सांग.

मयुरी : आईले?

संजीव : आईले मांगून. आधी मले सांग. लागू दे वेळ, मी ऐकून राहिलो.